मेव्हण्याच्या हातातला दोर

हरणाबाईला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी तिच्याकडं एकदाच बघितलं, आणि तिच्या भावाकडं दुपारभर.

पोरगी नीट चालते, नीट बोलते, भाकरी थापते, हे सगळं गूळपाण्याच्या आधीच उरकलं. मग मुलाच्या चुलत्यानं घसा खाकरून विचारलं, "पोरीचा भाऊ कुठं हाय?" नाथाजी मळ्यात होता. तो आला तसं चुलत्यानं त्याचे दोन्ही पंजे हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहिले. दात तेवढे मोजायचे राहिले. मग सगळी मंडळी विहिरीवर गेली. बैल सोडायला लावले आणि नाथाजीला सांगितलं, अर्धी भरलेली मोट एकट्यानं वर घे. सतरा वर्षांचं पोर ते. मानेच्या शिरा फुगल्या, टाचा चिखलात रुतल्या, पण मोट थारोळ्यात ओतलीच त्यानं. चुलता म्हणाला, "ठरलं. साखर वाटा."

हरणाबाई करंजाच्या झाडाआडून बघत होती. तिला वाटलं, ही माणसं सून न्यायला आलीत का मोटेचा बैल?

सासरी गेल्यावर उलगडा झाला. इस्लामपूरच्या पूर्वेला, कृष्णेच्या काठावर कोंडीबाचं घर. जमीन होती ती नदीलगतची चिंचोळी पट्टी. घराला नाव होतं ते पाण्यातल्या कामामुळं. कुणाच्या विहिरीत हंडा गेला, मोटेचं लोखंडी कडं तुटून तळाला बसलं, गळ टाकून टाकून माणसं थकली, की कोंडीबाला बोलावणं यायचं. तो एका दमात तळ गाठायचा आणि गेलेली वस्तू घेऊन वर यायचा. कधी कधी हंड्यापेक्षा वाईट काही काढायचं असायचं. कुणाची सून, कुणाचा म्हातारा बाप. तशा कामाला हे घर नारळाशिवाय काही घ्यायचं नाही, आणि नाहीही कधी म्हणायचं नाही. पाण्यातल्या मड्याला नाही म्हटलं, तर पुढच्या बुडीला पाणी आपल्याला वर सोडत नाही, असा त्या घराचा ठाम समज.

दुसरा नेम दोराचा. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला बांधलेला दोर काठावर धरायचा तो बायकोच्या भावानं. स्वतःच्या सख्ख्या भावानंसुद्धा नाही. सासू समजावून सांगायची, "भाऊ वाटणीवर डोळा ठिऊन असतो, पोरी. दोस्ताचा काय भरवसा? पर म्हेवणा? त्याच्या भणीचं कुकू त्या दोराला बांधलेलं असतंय. त्यो मरंल, पर दोर सोडायचा न्हाई." म्हणून बिनभावाची मुलगी त्या घरात कधी सून होऊन आली नव्हती. आणि म्हणूनच नाथाजी आपलं गाव सोडून बहिणीच्या गावात वाट्यानं जमीन करायला येऊन राहिला होता.

तिसरा नेम खुद्द हरणाबाईसाठी. नवरा पाण्यात असेपर्यंत बायकोनं काठावर जायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही.

बोलावणं आलं की ती हात कोरडे करून चुलीपाशी बसायची. पीठ अर्धं मळलेलं, भांडी खरकटी, तान्हं मूल रडतंय. आणि ही वाटेकडं कान लावून. नवऱ्याला बुडी मारताना तिनं कधीच पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर कदाचित भीतीला काही माप तरी राहिलं असतं. न पाहिलेल्या विहिरीला तळ नसतो. तिच्या मनातली प्रत्येक विहीर पाताळापर्यंत जायची, आणि कोंडीबा आपला खाली खालीच चाललेला. मग केव्हातरी तो तांबारलेले डोळे घेऊन दारात उभा राहायचा. "झाल्या का भाकरी?" म्हणायचा. की ही उठून मांजराला शिव्या द्यायला लागायची. गावातल्या बायका म्हणायच्या, हरणाबाई लय धीराची, तोंडातनं शब्द काढत न्हाई. धीर कसला, भीतीनं दातखीळ बसलेली असायची.

वर्षं गेली, तीन लेकरं झाली. ना पाण्याला हात न लावायचा नेम मोडला, ना भीती जुनी झाली.

चव्वेचाळीस सालचा वैशाख. नदी आटून दोन्ही काठांना वाळू उघडी पडली होती. गावाच्या खालच्या अंगाचा भैरोबाचा डोह तेवढा काळाभोर आणि भरलेला. लढाई चालू होती, पुण्याकडून कधीमधी विमानं यायची, पोरं ओरडायची, म्हातारी माणसं डोळ्यांवर हात धरून बघायची. बायका उसात खुरपत होत्या त्या दुपारी एक विमान इतकं खालून आलं की उसाचे शेंडे वाकले. त्याचा आवाज मधेच खोकल्यासारखा झाला, तुटला, परत लागला आणि एकदम बंद पडला. नदीकडून दणका आला. काठच्या झाडांवरचे बगळे सगळेच्या सगळे उडाले. मग काहीच नाही.

बाकीच्या बायका नदीकडं धावल्या, हरणाबाई खुरपं तिथंच टाकून घराकडं. पाण्यात कुणी पडलं म्हणजे आता कुणाला बोलावणार, हे तिला गावात सगळ्यांच्या आधी समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी एका गोऱ्या वैमानिकाचं मडं नदीच्या खालच्या वळणावर वाळूला लागलं, आणि लष्कराचे दोन ट्रक गावात शिरले. बेचाळीसपासून या भागात खाकी कपडा दिसला की गावं रिकामी व्हायची. भूमिगत पोरांना भाकरी कोण देतं याचा माग काढत पोलीस यायचे, आणि भाकरी न दिलेलं घर गावात शोधून सापडलं नसतं. पुरुषमाणसं उसात पसार झाली. कोंडीबाही गेला. हरणाबाईला त्यातल्या त्यात बरं वाटलं. उसात आहे म्हणजे कोरड्यात आहे.

एक उंच, मिशाळ शिपाई दारात आला आणि उंबऱ्याबाहेर बूट काढायला लागला. बूट काढणारा खाकीवाला तिनं पहिल्यांदा पाहिला.

"वैनी, भिऊ नगा. मी लालासाहेब, हवालदार. सातारकडचाच हाय. पोलिसातला न्हवं, पलटणीतला."

"घरात कुनी न्हाई," ती दाराआडून म्हणाली.

"कोंडीबा कुठं गेल्यात?"

"पाव्हण्याकडं."

"कुठल्या पाव्हण्याकडं?"

"लांबच्या."

नेमक्या त्याच वेळी घरामागच्या उसात कुणीतरी सणसणीत शिंकलं. हवालदार गालात हसला. "वैनी, लांबच्या पाव्हण्याला पडसं झालंय वाटतं."

कोंडीबा अंगावर पाचटाचे ओरखडे घेऊन बाहेर आला. हवालदारानं ओट्यावर बसून सगळं सांगितलं. विमानात दोघं होते. गोरा सापडला. दुसरा सापडला नाही, म्हणजे तो आतच असणार. विमानाची यंत्रं बघणारा पोरगा, आप्पासो नावाचा, नदीपल्याडच्याच एका गावचा. विमान पडायच्या आधी त्याच गावावरून खालून गेलं होतं. त्याची आई धोंडुबाई छपरावर शेणी वाळत घालत होती, तिनं पोराटोरांबरोबर हात हलवला होता. आत आपला लेक आहे हे तिला काय ठाऊक? पोरानंच गोऱ्या साहेबाला म्हटलं असेल, माझं घर दाखवतो म्हणून. खरं-खोटं त्या दोघांनाच माहीत.

"सकाळपासनं म्हातारी डोहावर बसून हाय. मुंबईस्नं सरकारी बुडीवाले यायला लय दिस लागतील. आन् डोहात सुसरी हायेत, तवर पोराचं काय ऱ्हाईल?" हवालदार खाली बघत म्हणाला. "पलटणीचा साहेब म्हणतोय, जबरदस्ती करू नगा. मी बी करत न्हाई. विचारतोय."

कोंडीबा एरवी अशा वेळी काहीतरी थट्टा करायचा. आज त्यानं नुसतं विचारलं, "इमानाला दारं किती असत्यात?"

हवालदाराला सांगता येईना. "मोडलंय त्ये. आता जितकी भोकं तितकी दारं."

कोंडीबानं मान डोलावली आणि जेवायला आत आला. अर्धी भाकरी चिवडून म्हणाला, "कोरड्यास लय झ्याक झालंय आज."

त्या दिवशी कोरड्यास, कालवण काहीच केलं नव्हतं. ताटात कांदा आणि चटणी होती.

हरणाबाईच्या हातातला काठवटीतला गोळा तसाच राहिला. "आवं," ती म्हणाली, "नगा जाऊ." लग्न झाल्यापासून हे शब्द तिनं पहिल्यांदा तोंडाबाहेर काढले.

"मड्याला न्हाई म्हणता येत न्हाई."

"त्ये मडं सरकारचं हाय. आत बाम असत्याल."

"न्हाईत म्हणतोय हवालदार."

"त्यो काय आत जाऊन बघून आलाय?"

कोंडीबा हसला नाही. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला. "हिरीला एकच तोंड असतं गं. वर बघितलं की उजेड दिसतो. ह्यात काय दिसंल, कुनाला ठावं? मला बी भ्या वाटतंय."

इतकी वर्षं ती दोघांच्या वाटणीची भीती एकटी सांभाळत होती, ती एवढ्याच भरवशावर, की निदान पाण्यात जाणाऱ्याला तरी भीती वाटत नाही. तो भरवसा गेला. तिनं डोक्यावरचा पदर घट्ट ओढला आणि त्याच्या मागोमाग दाराबाहेर पडली.

"बायकुनं जायाचं नसतं!" सासू ओट्यावरून ओरडली.

"मी काठाला हुबी ऱ्हाती. पाण्याला हात लावत न्हाई," हरणाबाई म्हणाली आणि चालू लागली.

डोहाच्या काठाला दरड होती. दरडीखाली खडकाची पायरी पाण्यात उतरत गेलेली, आणि तिच्यापुढं एकदम खोल. पाण्यावर तेल पसरलं होतं, उन्हात त्याला निळे-जांभळे रंग फुटले होते. पोटं वर केलेले मासे पांढरे पांढरे दिसत होते. आणि मधोमध, हातभर पाण्याखाली, विमानाचं शेपूट. ते करडं, सपाट, टोकदार काहीतरी पाण्याच्या हलण्याबरोबर हलल्यासारखं वाटायचं. हरणाबाईनं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. मग परत बघितलं. न बघणं जास्त कठीण होतं.

दरडीवर धोंडुबाई बसली होती. हाडकुळी म्हातारी, हाताला अजून शेण वाळलेलं. ती रडत नव्हती. हरणाबाईनं तिच्या शेजारी जागा घेतली, तशी ती म्हणाली, "तुजा मालक व्हय?"

"व्हय."

"म्या न्हाई बोलावलं त्याला, बाई. हवालदारानं बोलावलं." थोडं थांबून म्हणाली, "पर बोलावू नगं बी म्हनले न्हाई म्या."

हरणाबाई जराशी बाजूला सरकली. तिला म्हातारीचा राग आला आणि त्याच दमात तिची दयाही आली. मग स्वतःचाच राग आला.

गुऱ्हाळातली रस आटवायची काहील आणून पाण्यात सोडली होती. नदी ओलांडायला गावाची हीच नाव. तिच्यात हवालदार आणि एक शिपाई बसले. त्यांच्या हातात दुसरा दोर, तो आतल्या पोराला बांधायचा. कोंडीबाच्या कमरेचा दोर नाथाजीच्या हातात. तो पायरीवर कमरेइतक्या पाण्यात पाय रोवून उभा राहिला. मोट ओढणारं पोर आता भरदार गडी झालं होतं.

"दाजी," तो मोठ्यानं म्हणाला, "इमानात बसून लंडनला जाऊ नगा. परतीचं तिकीट माज्या हातात हाय."

"घट धर मग. न्हाईतर इकून खाशील," कोंडीबा म्हणाला. माणसं हसली. हरणाबाईला दिसलं, की कमरेची गाठ त्यानं मारली, सोडली आणि परत मारली.

कानात तेलाचे बोळे, हातात वजनाला दगड. त्यानं दम भरला आणि गेला. पाणी मिटलं. हरणाबाईचा स्वतःचाच श्वास अडकला, आणि तो सोडावा लागला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, खालच्या माणसाला तो सोडता येत नाही.

तो वर आला. काहिलीला धरून धापा टाकत राहिला. "हाय आत," म्हणाला. "मागल्या बाजूला. पट्ट्यानं बांधलेला हाय. पोटाला फाटलंय इमान, तितनं आत जाता येतंय. इळा द्या." त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. हवालदारानं विचारलं, "जमंल का? न्हाईतर ऱ्हाऊ द्या." कोंडीबानं दरडीकडं बघितलं. बायकोकडं का म्हातारीकडं, ते हरणाबाईला शेवटपर्यंत कळलं नाही. विळा दातात धरून, दुसऱ्या दोराचं टोक मनगटाला गुंडाळून तो परत खाली गेला.

नाथाजीच्या हातातून दोर सरकत गेला, थांबला, परत थोडा सरकला. तेलाचे बारीक रंगीत बुडबुडे शेपटापाशी येत होते, ते सकाळपासून येतच होते. मग दोराला हिसका बसला.

विहिरीतला नेम असा, की एक हिसका म्हणजे ढील दे, दोन म्हणजे वर ओढ. हा एक होता का दोन, कुणी सांगावं? नाथाजी क्षणभर घुटमळला. बहिणीकडं एकदा बघितलं आणि ओढायला लागला.

दोर आला नाही.

"अडाकलाय!" तो ओरडला. "धरा रं! धरा!" दोघं-तिघं पाण्यात उतरले. दोर ताणून तारेसारखा झाला, त्यातून पाणी पिळून निघालं. विहिरीत ओढलं की माणूस वरच येतो, दुसरीकडं जायला जागाच नसते. चार पिढ्यांत कुणी दोर ओढून चुकलं नव्हतं. नाथाजीनं अंग मागं टाकलं. "हेऽऽ वडा!"

पायरीवरच्या माणसांच्या डोळ्यांवर पाण्याची तिरीप येत होती. हरणाबाई उंचावर होती. तिला दोर पाण्यात शिरताना दिसत होता, तो शेपटाच्या डाव्या अंगाला जात होता. आणि उजव्या अंगाला, नदीच्या मध्याकडं, बुडबुडे फुटले. तेलाचे नव्हेत. पांढरे, मोठे, दम सुटल्याचे.

माणूस तिकडं, आणि दोर इकडं.

तिच्या माहेरच्या आडात अशी एक कपार होती. पोहरा तिच्याखाली गेला की नवख्या पोरी ओढत बसायच्या, आणि जेवढं ओढावं तेवढा तो कपारीत घट्ट बसायचा. मग कुणीतरी म्हातारी ओरडायची, अगं सटवे, ढील दे, ढील दिल्याबिगर कसा सुटंल? पाणी शेंदणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही, हाताला कळतं. दोर फाटक्या पत्र्यावरून वळून आत गेला होता. वरून जेवढा जोर लागत होता, तेवढा तो माणूस आतल्या आत पत्र्याला दाबला जात होता.

"दादा, सोड!" ती दरडीवरून ओरडली. "दोर सोड!"

नाथाजीनं ऐकलं, पण त्याला वाटलं, बाईमाणूस, भ्यालंय. "सरक मागं, हरणे! कुकू जाईल तुजं!"

ती दरड उतरली कशी हे तिला पुढं कधी आठवलं नाही. पायरीवर आली, पाण्यात शिरली, गुडघे, मग कंबर. नाथाजीची बोटं तिनं उचकटायला घेतली. ती बोटं, जी बघून तिचं लग्न ठरलं होतं, ती लोखंडाची झाली होती. "येडा हाईस का? तू मारतुयास त्यास्नी! ढील दे!" तो ऐकेना. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तो दात-ओठ खाऊन ओढत होता, जीव तोडून, फक्त तिच्यासाठी. तेव्हा ती खाली वाकली आणि भावाच्या मनगटाला कडकडून चावली.

नाथाजी ओरडला. हात सुटले. मागची माणसं तोल जाऊन एकमेकांवर पडली, त्यांच्या हातूनही दोर निसटला. ताणलेला दोर सपकन पाण्यात गेला आणि मेलेल्या सापासारखा वर तरंगत राहिला.

दरडीवरून धोंडुबाईचा आवाज आला, "बाई गं, काय केलंस ह्ये?"

खरंच, काय केलं? हरणाबाई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. ज्या दोराला तिचं कुंकू बांधलेलं होतं, तो तिनं सोडवला होता. चुकली असेल तर नवरा पाण्यानं मारला नाही, तिनं मारला. सासूला काय सांगायचं? लेकरांना काय सांगायचं? दोर हलत नव्हता. बुडबुडे थांबले होते. तिच्या पायाखालचा खडक गार होता आणि तोही आता सरकतो आहे असं तिला वाटलं. भावाच्या रक्ताची खारट चव तेवढी जिभेवर.

काहिलीच्या पलीकडं पाणी फुगलं. आधी एक हात आला. मग डोकं. कोंडीबाच्या नाकातून रक्त येत होतं, डोळे उघडे पण बघत नव्हते. हवालदारानं काहिलीतून जवळजवळ उडी टाकून त्याच्या केसाला धरलं.

वाळूवर आणून त्याला पालथा घातला. पोटातलं पाणी निघालं, मग खोकला, मग शिव्या. शिव्या ऐकून माणसांच्या जिवात जीव आला. बरगडीवर पत्र्याचा हातभर लांब ओरखडा होता. तो उताणा वळला आणि पहिलं वाक्य बोलला ते हवालदाराशी. "पट्टा कापलाय. दोर बांधलाय पोराला. काहील उजव्या अंगाला घ्या, आन् हळू. हिसकू नगा."

आप्पासोला वर घेतला तेव्हा धोंडुबाईला कुणी जवळ जाऊ देईना. चेहरा बघण्यासारखा राहिला नव्हता. म्हातारीनं सगळ्यांना बाजूला सारलं, त्याच्या पायाशी बसली, आणि एका पायाचं पाऊल पदरानं पुसून मांडीवर घेतलं. "माजाच हाय," म्हणाली. मग ती रडली.

इकडं कोंडीबानं मान वळवून विचारलं, "दोर कुनी सोडला?"

त्या घरात दोर सोडण्याइतकं मोठं पाप नव्हतं. नाथाजी मनगट धरून उभा होता, खाली मान घालून.

"म्या," हरणाबाई म्हणाली. लुगडं गळत होतं. "म्या सोडाय लावला. चावले त्याला."

कोंडीबानं बरगडीवरचा ओरखडा चाचपला. "पत्र्याला चिकाटलो हुतो," तो म्हणाला. "मागं सरकायला वीतभर बी जागा गावंना. मनात म्हनलं, म्हेवणा काय मला सोडत न्हाई. मरोस्तर सोडत न्हाई." बोलता बोलता त्याला हसू आलं, आणि बरगडी दुखून तो कळवळला.

नाथाजी मात्र हसला नाही. त्या दिवसापासून त्यानं दोराला हात लावला नाही. कोंडीबानं समजावलं, सासूनं समजावलं, त्याचं एकच, "माज्या हातात लय बळ हाय. त्येच तुमचा जीव घ्यायला निगालं हुतं." मनगटावरचे दातांचे वण तो कुणी विचारलं तर दाखवायचा आणि "भणीची भाऊबीज" म्हणून सांगायचा, पण एकटा असला की त्यावरून बोट फिरवत बसायचा.

मग दोर धरणार कोण? पुढं कोंडीबाचे कान पार निकामी होईपर्यंत तो हरणाबाईनंच धरला. पण तिला तो कुणी मानानं हातात दिला नव्हता. सासू महिनाभर तिच्याशी धड बोलली नाही.

भाद्रपदात शेजारच्या गावात एका विहिरीत म्हातारा पडला. बोलावणं आलं. कोंडीबानं दोर खांद्यावर टाकला, बायकोकडं बघितलं, आणि पुढं झाला. ती मागून गेली. विहिरीवर माणसं जमलेली. त्यांनी बाईमाणूस बघून तोंडं फिरवली. एक जण म्हणालाही, "बायकुच्या हातात दोर? मग हिला सोडायला काय लागतंय?" मागं कुणीतरी खिदळलं.

"तुमी धरता का?" कोंडीबानं त्याला विचारलं. तो मागं सरकला.

हरणाबाई विहिरीच्या कडेला खाली बसली. दोन्ही टाचा दगडाला लावल्या, दोर पाठीवरून घेतला. विहिरीला तळ होता, वरून पाण्यात आभाळाचा तुकडा दिसत होता. पण तळ आहे म्हणून भीती काही कमी वाटली नाही. तिनं दोर हाताला गुंडाळला, सोडला आणि परत गुंडाळला.

कोंडीबानं ते बघितलं. कमरेची गाठ मारता मारता हळूच म्हणाला, "भ्यालीस?"

"व्हय. लय."

"मग झ्याक हाय," तो म्हणाला. "भ्यालेलं मानूस दोराकडं ध्यान देतंय."

"आन् तुमी?"

त्यानं गाठ एकदा ओढून बघितली. दम भरला, आणि तिच्या तळहातातून दोर सरसरत खाली जायला लागला.